पंच्याण्णवावा मृतदेह : ऐतिहासिक रहस्यकादंबरीमालेचे वाचन

१

घडून गेलेली आणि पुन्हा कोणालाही पाहता न येणारी घटना मागे उरलेल्या खुणांवरून समजून घेणे, हे इतिहासकाराचे काम आहे आणि रहस्यकथेतील शोधकाचेही. एकाच्या हाती कागद, नाणी, शिलालेख आणि पडक्या भिंती असतात. दुसऱ्याच्या हाती दोरीचा वळ, रिकामी कुपी आणि साक्षीदाराच्या बोलण्यातील विसंगती असते. परंतु दोघांनाही साक्ष पारखावी लागते, सांगणाऱ्याचा हेतू ओळखावा लागतो आणि पुरावा जेथे संपतो तेथे थांबावे लागते. फरक आहे तो मृत्यूकडे पाहण्यात. लढाया, वेढे, दुष्काळ आणि साथी यांचा हिशेब मांडताना इतिहासाला माणसे शेकड्यांनी आणि हजारांनी मोजावी लागतात; रहस्यकथा मात्र एका मृत्यूपाशी थांबते आणि तो कसा झाला, कोणी घडवला, कशासाठी घडवला हे कळेपर्यंत तेथून हलत नाही. ऐतिहासिक रहस्यकादंबरी, म्हणजे प्रत्यक्ष होऊन गेलेल्या काळाच्या चौकटीत एखाद्या गुन्ह्याचा शोध मांडणारी कादंबरी, या दोन दृष्टी एकत्र आणते. आणि शेकड्यांच्या हिशेबात हरवलेल्या माणसाला त्याचे नाव परत मिळवून देणे हे या वाङ्मयप्रकाराचे सर्वांत मोठे कार्य आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

त्यासाठी येथे एकच कादंबरीमाला निवडली आहे: एडिथ पार्जेटर यांनी ‘एलिस पीटर्स’ या टोपणनावाने लिहिलेली ब्रदर कॅडफेलची माला. १९७७ ते १९९४ या काळात तिच्या वीस कादंबऱ्या आणि तीन कथांचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. अशा लेखनाचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. ॲगाथा ख्रिस्ती यांनी १९४४ मध्ये प्राचीन इजिप्तमध्ये घडणारी रहस्यकादंबरी लिहिली होती, तर रॉबर्ट व्हॅन ग्युलिक या डच राजनैतिक अधिकाऱ्याने चीनच्या थांग राजवटीतील न्यायाधीश डी याच्या तपासकथा रचल्या होत्या. उम्बेर्तो एको यांची १३२७ सालच्या इटालियन मठात घडणारी ‘द नेम ऑफ द रोज’ १९८० मध्ये आली आणि जगभर गाजली. परंतु ती एकच कादंबरी आहे. पार्जेटर यांनी एक गाव, एक मठ आणि एक माणूस धरून ठेवला आणि त्यांच्यावरून वर्षांमागून वर्षे जाऊ दिली. या सातत्यामुळे वाचकाच्या हाती जे येते ते सुट्या कादंबरीत येत नाही.

२

एडिथ पार्जेटर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९१३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील हॉर्सहे या गावी झाला आणि १९९५ मध्ये त्याच परगण्यात, तेथून काही मैलांवर, त्यांचे निधन झाले. शाळा संपल्यावर त्यांनी डॉली या जवळच्या गावातील औषधविक्रेत्याच्या दुकानात काही वर्षे साहाय्यक म्हणून काम केले. दुसऱ्या महायुद्धात त्या नौदलाच्या महिला शाखेत होत्या आणि त्या सेवेबद्दल त्यांना १९४४ मध्ये पदक मिळाले. पुढे त्या चेक भाषा शिकल्या आणि बोहुमिल हराबाल यांच्यासारख्या लेखकांचे साहित्य त्यांनी इंग्रजीत आणले. कॅडफेलची पहिली कादंबरी निघाली तेव्हा त्यांना चौसष्टावे वर्ष चालू होते आणि त्यांच्या नावावर ऐतिहासिक व सामाजिक कादंबऱ्यांची मोठी रास होती. औषधांच्या बाटल्यांशी तरुणपणी आलेला संबंध, युद्धाचा अनुभव, अनुवादकाची शब्दांविषयीची सावधगिरी आणि जन्मभर पायाखाली असलेली भूमी या चारही गोष्टी या मालेच्या पानापानांत उतरल्या आहेत.

कथांचे स्थळ श्रूजबेरी हे आहे. पुण्यात हे नाव बिस्किटामुळे घरोघरी पोहोचले असले, तरी मूळ गाव सेव्हर्न नदीच्या वळणात, वेल्सच्या सीमेजवळ वसलेले आहे. नदीपलीकडे रॉजर द माँटगमरी या सरदाराने १०८३ मध्ये बेनेडिक्टाइन मठ स्थापन केला. बेनेडिक्टाइन म्हणजे सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांनी घालून दिलेल्या त्र्याहत्तर प्रकरणांच्या नियमावलीप्रमाणे राहणारे संन्यासी; प्रार्थना, शारीरिक श्रम आणि वाचन हे त्यांच्या दिवसाचे तीन भाग असत. १५४० मध्ये आठव्या हेन्रीच्या राजवटीत हा मठ मोडला गेला, एकोणिसाव्या शतकात त्याच्या आवारातून रस्ता काढला गेला, आणि आज मठाच्या चर्चखेरीज फारसे काही उरलेले नाही. मात्र रस्त्याच्या पलीकडे एक दगडी व्यासपीठ एकटेच उभे आहे. संन्यासी मुकाट्याने जेवत असताना त्यांच्यातील एक जण या व्यासपीठावरून धर्मग्रंथ मोठ्याने वाचून दाखवीत असे. भोजनगृह गेले आणि वाचनाची जागा राहिली. पार्जेटर यांनी याच उरलेल्या दगडांभोवती बागा, भिंती, स्वयंपाकघर, रुग्णगृह आणि माणसे पुन्हा उभी केली.

नायक कॅडफेल हा वेल्श आहे. पहिल्या धर्मयुद्धात तो जेरुसलेमपर्यंत गेला, पुढे समुद्रावर फिरला आणि चाळिशीच्या सुमारास आपखुशीने मठात आला. आता साठीच्या उंबरठ्यावर तो मठाची औषधी बाग सांभाळतो. लेखिकेने त्याला इंग्रज आणि वेल्श, शस्त्र आणि जपमाळ, संसार आणि संन्यास या सीमांवर उभे केले आहे, त्यामुळे कोणत्याही एका बाजूचे म्हणणे त्याला आपोआप खरे वाटत नाही. आणि साक्ष पारखणाऱ्याला पहिली गरज असते ती याच वृत्तीची.

३

मालेचा गाभा समजण्यासाठी तिची पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा एकुलता औरस मुलगा ११२० मध्ये ‘व्हाइट शिप’ नावाचे जहाज बुडून मरण पावला. म्हणून हेन्रीने आपली मुलगी मॉड हिला वारस मानण्याची शपथ सरदारांकडून घेतली. ११३५ मध्ये हेन्री वारताच त्याचा भाचा स्टीफन याने त्याच महिन्यात स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला, आणि पुढची एकोणीस वर्षे राज्य दुभंगलेले राहिले. इंग्रजी इतिहासात हा काळ ‘अराजक’ याच नावाने ओळखला जातो. ११३८ च्या उन्हाळ्यात श्रूजबेरीचा किल्लेदार विल्यम फिट्झॲलन मॉडच्या बाजूने उभा राहिला, स्टीफनने वेढा घातला, फिट्झॲलन निसटला आणि मागे सापडलेल्या शिबंदीला राजाने फाशी दिले.

ही घटना ऑर्डेरिक विटालिस या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. त्याचा जन्म १०७५ मध्ये श्रूजबेरीजवळच झाला होता आणि त्याच्या वडिलांचा या मठाच्या स्थापनेत हात होता. दहाव्या वर्षी त्याला नॉर्मंडीतील मठात पाठवण्यात आले आणि तेथे त्याने आपला मोठा इतिहास लिहिला. फिट्झॲलनचा मामा आर्नल्फ आणि त्याच्याबरोबर आणखी त्र्याण्णव जण फासावर गेले, अशी त्याची नोंद आहे. एकूण चौऱ्याण्णव. नाव फक्त एकाचे आहे. उरलेल्यांचा आकडा तेवढा आहे.

१९७९ मधील ‘वन कॉर्प्स टू मेनी’ ही कादंबरी या आकड्यावर उभी आहे. मठाधिपती राजाकडून मृतांना ख्रिस्ती रीतीने मूठमाती देण्याची परवानगी मिळवतात आणि ते काम कॅडफेलकडे येते. तो मदतनिसांना घेऊन किल्ल्यात जातो, एकावर एक टाकलेले देह सोडवतो, रांगेत ठेवतो, चेहरे पुसतो, डोळे मिटतो, अंगावर कापड ओढतो आणि हे करीत असताना मोजतो. मोजणी पंच्याण्णव भरते. चूक झाली असेल म्हणून तो पुन्हा मोजतो. आकडा तोच येतो. मग तो प्रत्येक गळा पाहू लागतो. फाशीच्या जाड दोरखंडाचा वळ वेगळा असतो. एका तरुणाच्या गळ्यावरची खूण बारीक दोरीची आहे, मागून येऊन आवळलेल्या फासाची. कोणीतरी एक खून केला आहे आणि राजाने मारलेल्या चौऱ्याण्णवांत तो एक देह मिसळून टाकला आहे, कारण एवढ्या प्रेतांत एक अधिक आहे की उणे, याची पर्वा कोण करणार, असा त्याचा हिशेब आहे.

एक प्रेत अनेक प्रेतांत लपवण्याची कल्पना नवी नाही. चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनच्या कथांमध्ये, १९११ च्या संग्रहात, ती आलेली आहे. तेथे ती बुद्धीला चकित करणारी कोटी म्हणून येते. पार्जेटर यांनी ती इतिहासाच्या एका खऱ्या नोंदीत रोवली, आणि त्यामुळे तिचा अर्थ बदलला. खुनी माणूस नेमके तेच गृहीत धरतो जे सत्ता गृहीत धरते: मृत्यूंची संख्या वाढली की एकेकाची किंमत उरत नाही. कॅडफेलचे मोजणे हे या गृहीतकाला दिलेले उत्तर आहे. त्या चौऱ्याण्णवांचे मृत्यू राजाज्ञेने झाले, म्हणून त्यांचा जाब कोणत्याही न्यायासनापुढे मागता येत नाही. पण पंच्याण्णवावा खून आहे आणि त्याचा जाब मागता येतो, म्हणून कॅडफेल तो मागतो. विशेष हे की त्या एकाच्या शोधामुळे उरलेल्यांनाही चेहरे मिळतात. नगरातील लोकांना आपापली माणसे ओळखून नेण्यासाठी बोलावले जाते आणि ज्या तरुणीचा भाऊ त्या रांगेत निघतो, तिच्यासाठी चौऱ्याण्णव ही संख्या त्या क्षणी संपते. खुनी कोण, हे येथे सांगण्याचे कारण नाही. कादंबरी प्रथमच हाती घेणाऱ्याचा तो हक्क आहे.

४

बाराव्या शतकात ठशांची तपासणी नाही, रासायनिक पृथक्करण नाही, पोलीस नाहीत. मग शोध कशाच्या आधारे लागतो, हा प्रश्न प्रत्येक वाचकाला पडतो. उत्तर असे की त्या काळातील माणसाला जे ठाऊक होते, तेच येथे पुरावा होते. १९८० मधील ‘मंक्स हूड’ या कादंबरीत कॅडफेलने म्हाताऱ्या संन्याशांच्या आखडलेल्या सांध्यांवर चोळण्यासाठी केलेले तेल एका माणसाच्या जेवणात मिसळले जाते आणि तो मरतो. त्या तेलातील मूळ ज्या वनस्पतीचे आहे, ती मराठी माणसाला परिचित असलेल्या बचनागाच्याच कुळातील आहे. आयुर्वेदात वत्सनाभ या नावाने येणारे हे विष शोधन करून, म्हणजे गोमूत्रात वा दुधात ठेवून त्याची तीव्रता उतरवून, औषधात वापरतात. एकच मुळी बाहेरून चोळली तर वेदना शमवते आणि पोटात गेली तर प्राण घेते, हे दोन्ही परंपरांना ठाऊक होते. कॅडफेल विष ओळखतो ते ओठांच्या बधिरपणावरून आणि ओळखीच्या वासावरून. आपल्याच हातच्या औषधाने माणूस मेला, ही जाणीव त्या तपासाला साध्या कोड्याच्या पलीकडे नेते.

काळाची मोजणीही अशीच आतून येते. घड्याळ नसलेल्या त्या जगात दिवस आणि रात्र प्रार्थनेच्या घंटांनी विभागलेली होती. रात्रीच्या प्रार्थनेला मॅटिन्स, सकाळच्या प्रार्थनेला प्राइम, निजण्यापूर्वीच्या प्रार्थनेला कॉम्प्लिन म्हणत. एखादा माणूस कॉम्प्लिनला आपल्या जागी होता आणि मॅटिन्सला नव्हता, एवढी साक्ष तेथे पुरते. घंटा वाचकाच्या कानांत भिनल्या की मठाचा दिनक्रम पाठ होतो, आणि मग त्यातील लहानशी चूकही त्याला खटकू लागते.

कायद्याच्या बाबतीत माला अधिकच समृद्ध आहे. सीमेवरील प्रदेशात जमीन कोणत्या बाजूला मोडते, यावर तेथे इंग्रज कायदा चालेल की राजा हाउएल याच्या नावाने ओळखला जाणारा वेल्श कायदा, हे ठरे. वेल्श कायद्यात बापाने मान्य केलेल्या अनौरस मुलालाही वारसा मिळे आणि खुनाबद्दल सूडाऐवजी कुळाने रक्ताची भरपाई देण्याची रीत होती. चर्चमध्ये आश्रय घेतलेल्या आरोपीला चाळीस दिवस कोणी हात लावू शकत नसे, आणि १९८३ ची ‘द सँक्च्युअरी स्पॅरो’ ही कादंबरी याच मुदतीत घडते. काही वाद समोरासमोरच्या द्वंद्वयुद्धाने मिटवले जात, कारण देव खऱ्याच्या बाजूने उभा राहतो अशी श्रद्धा होती. मराठेशाहीतील गोतसभा, महजर आणि दिव्य यांविषयी ज्याने वाचले आहे, त्याला ही व्यवस्था परकी वाटत नाही. उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, उचलायला लावणाऱ्या दिव्यामागे आणि या द्वंद्वामागे एकच विश्वास होता.

५

कादंबऱ्या क्रमाने वाचाव्यात की सुट्या, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. प्रत्येक कथा स्वतंत्र आहे. परंतु क्रमाने वाचल्यास जे घडते ते निराळे असते. पहिली कादंबरी ११३७ मध्ये सुरू होते आणि विसावी ११४५ च्या अखेरीस संपते. म्हणजे आठ-नऊ वर्षांचा काळ वीस पुस्तकांत पसरला आहे आणि ऋतू, पेरण्या, जत्रा, सण हे वळून वळून येतात. दुसऱ्या कादंबरीत भेटणारा तरुण ह्यू बेरिंगर पुढे शेरिफ, म्हणजे परगण्यातील राजाचा मुख्य कारभारी होतो, संसार थाटतो आणि त्याचा मुलगा वाचकाच्या डोळ्यांसमोर वाढतो. दरम्यान, २ फेब्रुवारी ११४१ रोजी लिंकनच्या लढाईत राजा स्टीफन कैद होतो. त्याच वर्षी मॉडचा सेनापती आणि सावत्र भाऊ रॉबर्ट पकडला जातो आणि दोघांची अदलाबदल होते. ११४२ च्या डिसेंबरात मॉड वेढ्यातील ऑक्सफर्डमधून बर्फावरून निसटते. या घटना श्रूजबेरीला पोहोचतात त्या बातमी म्हणून, दमलेल्या निरोप्याच्या किंवा वाटसरूच्या तोंडून, उशिराने आणि अर्धवट.

इतिहासाच्या पुस्तकात वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो: ११५३ मध्ये तह झाला आणि ११५४ मध्ये मॉडचा मुलगा दुसरा हेन्री गादीवर आला. मालेतील कोणालाही हे ठाऊक नाही, आणि माला तेथपर्यंत जातही नाही. विसाव्या पुस्तकानंतर युद्ध चालूच आहे. त्यामुळे वाचक त्या काळातील माणसांच्या अज्ञानात राहायला शिकतो. आपली बाजू जिंकेल की हरेल हे न कळता शेत पेरणारा शेतकरी, दुकान उघडणारा व्यापारी, मुलीचे लग्न ठरवणारी आई यांना शहाणपणाचा निर्णय घ्यायचा असतो, आणि तो निर्णय किती कठीण होता हे शेवट माहीत असणाऱ्याला सहसा दिसत नाही. इतिहास समजण्यात सर्वांत मोठा अडथळा पुढचे ठाऊक असण्याचा आहे. दीर्घ कादंबरीमाला तो अडथळा हळूहळू, वर्षागणिक, दूर करते.

मूळ साधने वाचण्याची नजरही ही माला देते. वेल्समधील ग्वेदरिन या खेड्यातून संत विनिफ्रेड हिच्या अस्थी श्रूजबेरीला आणल्या गेल्या, ही खरी घटना आहे आणि तिचा वृत्तान्त मठाचा प्रायर, म्हणजे मठाधिपतींच्या खालोखालचा अधिकारी, रॉबर्ट याने स्वतः लिहिला. पुढे तो मठाधिपतीही झाला. पहिली कादंबरी याच प्रसंगावर आहे. अस्थी नेणाऱ्याने लिहिलेल्या वृत्तान्तात, ज्यांच्या गावातून त्या गेल्या त्यांचे म्हणणे कितपत आले असेल, हा प्रश्न विचारून लेखिकेने कथा रचली. बखर वाचताना ती कोणाच्या पदरी लिहिली गेली हे पाहावे, असे मराठी इतिहाससंशोधनाने ज्या कारणासाठी शिकवले, तेच कारण येथे कथेच्या रूपाने समोर येते.

६

या मालेवर घेतला जाणारा गंभीर आक्षेप असा की कॅडफेल हा विसाव्या शतकातील उदारमतवादी मनुष्य असून त्याला बाराव्या शतकाची वस्त्रे चढवली आहेत. तो अपराध्याच्या मनात शिरतो, हेतू पाहतो, शिक्षेपेक्षा पश्चात्तापाला महत्त्व देतो आणि क्वचित कायद्याला वळसाही घालतो. या आक्षेपात तथ्य आहे. लेखिका आपल्या काळाची होती आणि महायुद्ध पाहून आलेली होती. तरीही त्या शतकाविषयीची समजूत तपासून घ्यावी लागते. मालेच्या काळातच, ११४२ मध्ये, वारलेला फ्रेंच विचारवंत पिएर आबेलार याने पाप हे कृत्यात नसून मनाने दिलेल्या संमतीत असते, असे मांडले होते. आणि धर्माचार्यांची परस्परविरोधी मते एकशे अठ्ठावन्न प्रश्नांखाली समोरासमोर ठेवून, शंकेतून शोध आणि शोधातून सत्य, अशी पद्धत सांगितली होती. हेतू पाहणारा आणि शंका घेणारा माणूस त्या शतकात विरळा असेल, अशक्य नव्हता. शिवाय कॅडफेल संतांवर, प्रार्थनेवर आणि चमत्कारावर मनापासून विश्वास ठेवतो. त्याची चिकित्सा श्रद्धेच्या आत राहून चालते, आणि आधुनिक वाचकाला नवे काही शिकवते ती हीच गोष्ट.

७

एलिस पीटर्स यांच्या नावाने १९९९ पासून ब्रिटनमधील गुन्हेकथालेखकांच्या संघटनेने ऐतिहासिक रहस्यकादंबरीसाठी पुरस्कार सुरू केला. पुढे त्याचे नाव बदलले, पण परंपरा चालू राहिली. २०२१ मध्ये तो वसीम खान यांच्या ‘मिडनाइट ॲट मलबार हाउस’ या कादंबरीला मिळाला, आणि ती कथा १९४९ च्या अखेरच्या रात्री मुंबईत सुरू होते. सुजाता मॅसी यांची परवीन मिस्त्रीची माला १९२१ च्या मुंबईत सुरू होते. तिच्या नायिकेमागे नाशिक येथे जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्या वकिली कारकिर्दीची प्रेरणा आहे. श्रूजबेरीत रुजलेल्या प्रकाराची मुळे महाराष्ट्राच्या भूमीपर्यंत आली आहेत. मात्र ही पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली आहेत.

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा हरिभाऊ आपटे यांच्यापासून अखंड आहे आणि बाबूराव अर्नाळकरांनी रहस्यकथेला प्रचंड वाचकवर्ग मिळवून दिला. तरी हे दोन प्रवाह फारसे एकत्र आले नाहीत. ते एकत्र आले तर काय दिसेल, याचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासातच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रामशास्त्री प्रभुणे यांनी निर्भयपणे चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले आणि पुणे सोडले. मराठी मनाने ही घटना ‘ध’ चा ‘मा’ या एका आख्यायिकेत साठवून ठेवली आहे. परंतु त्या दुपारी वाड्यात एकटे पेशवेच मारले गेले नाहीत. धन्याला वाचवण्यासाठी आडवा पडलेला चापाजी टिळेकर मारला गेला, आणखी सेवक मारले गेले, दासीही मारल्या गेल्या. चापाजीचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. त्या दासींची नावे किती जणांच्या ओठांवर आहेत?

राजपुरुषांचे मृत्यू इतिहास विसरत नाही, कारण त्यांच्यामुळे गादी बदलते. ज्यांच्या मृत्यूने काहीच बदलले नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी देहांची रांग लावून, चेहरे पुसून, सावकाश मोजावे लागते. स्मृतिव्याख्यानाची प्रथा एका दिवंगत व्यक्तीचे नाव वर्षानुवर्षे उच्चारत ठेवण्यासाठी असते. ऐतिहासिक रहस्यकादंबरी तेच काम नावे नसलेल्यांसाठी करते. शनिवारवाड्यातील त्या दुपारचे देह अजून मराठी कादंबरीच्या मोजणीची वाट पाहत आहेत, आणि ती मोजणी मराठीतच व्हायला हवी.